सात वाजताचा धूर

अमेरिकेत आमच्या रेडमंडमध्ये बाकी वर्ष पावसाचं, पण आई आली ती नेमकी डोंगरातली जंगलं पेटलेली असताना. भर दुपारी सूर्य पिकल्या टोमॅटोसारखा दिसायचा. खिडक्या बंद, पार्क बंद, मागच्या अंगणात मिरच्या वाळवायचा आईचा बेतही बंद. "कोंडूनच घ्यायचं होतं तर साताऱ्यातलं घर काय वाईट होतं?" असं ती रोज म्हणायची, पण परत जायचं नाव काढायची नाही. गणपती तीन आठवड्यांवर आले होते आणि माझ्या घरचा गणपती तिने एकदाही पाहिला नव्हता.

आईला दमा आहे. त्यामुळे हॉलमधला एअर प्युरिफायर हाच घरातला कर्ता पुरुष झाला होता. त्याचा दिवा निळा असला की हवा चांगली, लाल झाला की वाईट. दिवसभर तो निळा असायचा आणि संध्याकाळी सातला न चुकता लाल व्हायचा. "इट्स रेड अगेन," माझी सात वर्षांची लेक जाहीर करायची आणि आतल्या खोलीतून आजीचा खोकला ऐकू यायचा.

नवरा इंजिनिअर. संध्याकाळी वारा फिरतो, असा शोध लावून त्याने खिडक्यांच्या फटींना टेप चिकटवली, दाराखाली टॉवेल कोंबले. मी फोडणी बंद केली. चार दिवस आम्ही उकडलेलं खाल्लं, पण दिव्यावर ढिम्म परिणाम नाही.

पाचव्या दिवशी माझा संयम संपला. तो मुळातच फार नसतो. "आई, आज परत लाल झाला तर तुझं शनिवारचं तिकीट करणार. जीव महत्त्वाचा."

"बघू," आई म्हणाली.

सातला दिवा लाल झाला. मी तणतणत तिची बॅग काढायला तिच्या खोलीतलं कपाट उघडलं. माणूस आत बसू शकेल एवढं मोठं कपाट. आमचे देवही त्यातच एका फळीवर असतात. दार उघडताच धुराचा लोट अंगावर आला. आत माझ्या थंडीच्या कोटांखाली, पाटावर, आई हात जोडून बसली होती. समोर दोन धूपकांड्या जळत होत्या.

"दार लाव गं, धुराचा अलार्म वाजेल," ती खोकत म्हणाली.

आल्या दिवशीच मी तिला घरात उदबत्ती लावायला बंदी केली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी इतक्या मोठ्याने हसले की नवरा हातात टेप घेऊन धावत आला.

"रोज लावतेस?"

"रोज एकच. आज तू तिकिटाचं काढलंस, म्हणून दोन लावल्या."

"आणि मागतेस काय एवढं?"

"हा मेला धूर जाऊ दे, म्हणते. गणपतीपर्यंत लेकीकडे राहू दे."

माझं हसू तिथेच थांबलं. मला स्वतःची लाज वाटली. धूपकांड्या विझवून तिला बाहेर हॉलमध्ये आणलं, पंप दिला, पाठीवरून हात फिरवत बसले. थोड्या वेळाने तिचा श्वास सुरळीत झाला आणि दिवाही निळा झाला.

"देवाकडे मागून झालं," आई म्हणाली. "आता तू काय म्हणतेस?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि मोदकांचा साचा शोधायला लागले.