चटणीच्या डब्यात गाठ

सहा वर्षांपूर्वीची मी म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची, स्वतःला फार हुशार समजणारी बाई. छातीतली गाठ काढून झाली होती आणि मंद्रूपच्या थोरल्या वन्संना हे कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. का, तर त्या माझी कीव करतील! कीव करणं त्यांच्या स्वभावातच नाही, हे पस्तीस वर्षं नणंद म्हणून पाहूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून आमच्या हाती दिला. तो पुण्याच्या लॅबमध्ये पोचवायचा होता. काही गाठींच्या पेशींवर एचईआर-टू नावाचं प्रथिन दाटीनं बसलेलं असतं. ते एंझाइमचं काम करतं, पेशीला सारखं 'वाढ, वाढ' म्हणत राहतं. ते माझ्या गाठीत आहे का, यावर पुढचं औषध ठरणार होतं.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार, आणि आदल्या दुपारी वन्सं दारात! मी वडी दोन पिशव्यांत गुंडाळून शेंगाच्या चटणीच्या डब्यात तळाशी खुपसली, वर चटणी दाबली. घरात कपाट नव्हतं का? तीन होती.

संध्याकाळी मी जरा पडले होते. वन्संना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून सुनेनं नेमका तोच डबा त्यांना दिला. तिला बिचारीला काय माहीत! रात्री जेवताना मी डबा शोधला, तेव्हा मला कळलं. तेवढ्यात वन्संचाच फोन.

"अगं ए, चटणीत ही मेनाची वडी कसली?"

"टाकू नका वन्सं! माझी... माझी गाठ आहे ती."

"निम्मी चटणी खाल्ली की गं मी!"

सकाळी पहिल्या एसटीनं वन्सं हजर. वडी मुलाच्या हातीही देईनात, त्याच्याबरोबर स्वतःच पुण्याला निघाल्या. मला म्हणाल्या, "तुज्यापाशी ठिवली तर लोणच्यात घालशील."

रिपोर्ट आला. प्रथिन भरपूर होतं. डॉक्टर म्हणाले, "यावर नेमकं औषध आहे. ते प्रथिनाला धरतं आणि गप्प बसवतं."

"बरं झालं," वन्सं म्हणाल्या. "आन् हिचं तोंड उघडायचं औषध न्हाई का एखादं?"

टाके दुखेपर्यंत हसले मी.

वर्षभर सुया घेतल्या. गाठ परत आलेली नाही. आता काही झालं की आधी वन्संना फोन. परवा गुडघ्याचं सांगत होते, तर म्हणाल्या, "पुरं की गं, भाकरी करपली माजी!"