पांढऱ्या पेशींचा धडा

सावळीराम गांगुर्डे मास्तर नाशिकरोडच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत, आणि उद्याचा धडा आदल्या संध्याकाळी बायकोला ऐकवत. चांगुणाबाई दिंडोरीकडच्या, शाळा चौथीपर्यंतची. भाकरी थापता थापता त्या ऐकायच्या. त्यांना कळलं की वर्गाला कळणार, असा मास्तरांचा हिशेब. वर्गातल्या काही दिवट्यांना तरीही कळत नसे, तो भाग वेगळा.

१९८६ साली एका विज्ञान मासिकात नवं काही वाचून मास्तर भलतेच खुलले. “पेशीला स्निग्ध पदार्थाचं कातडं असतं,” ते म्हणाले. “रश्श्यावर तवंग असतो ना, तसं, पण त्याहून कितीतरी पातळ. आपल्या काही पांढऱ्या पेशी रोगट पेशीला जाऊन चिकटतात आणि एक प्रथिन सोडतात. ते त्या तेलकट कातड्यात रुततं, भोकं पाडतं. पाणी आत शिरतं आणि रोगट पेशी फुटते.”

“अन् मारणारीचं कातडं पण तेलकटच ना? मग ती कशी नाय फुटत?”

“ते अजून कुणाला नीटसं कळलेलं नाही,” मास्तर म्हणाले. त्यांना बायकोचा फार अभिमान वाटला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर चांगुणाबाईंना ताप भरला, तो उतरेना. अंगावर काळेनिळे डाग उठले. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं. रक्ताचा कॅन्सर होता, ताबडतोब मुंबईला न्यायला हवं होतं. चांगुणाबाईंच्या कानावर एवढंच आलं की पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या आहेत आणि मुंबईला जायचं आहे.

“लय वाढल्यात म्हणं,” घरी आल्यावर त्या हसून म्हणाल्या. “मग आता रोगाचं काय खरं नाय. मुंबईला कशाला जायचं?”

वाढलेल्या त्या पेशीच रोगट होत्या. मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं, पण बायकोचा उजळलेला चेहरा पाहून त्यांची जीभ रेटेना. “हो,” एवढंच ते म्हणाले. उद्या सांगू, परवा सांगू करत दिवस गेले. चांगुणाबाई शेजारणींना त्या मारणाऱ्या पेशींची गोष्ट रंगवून सांगत आणि मास्तर दारात बसून ऐकत. त्यांना स्वतःची लाज वाटे, पण भीती लाजेहून मोठी होती.

चांगुणाबाईंच्या हिरड्यांतलं रक्त थांबेना, तेव्हा मास्तरांनी त्यांना सगळं सांगून टाकलं. मुंबईसाठी गाडीही ठरवली. डॉक्टर म्हणाले, आता प्रवास झेपणार नाही.

चांगुणाबाईंनी ओठांवरचं रक्त पदराने टिपलं.

“इतके धडे कळले मला,” त्या म्हणाल्या. “ह्यो एक कळला नसता, असं वाटलं व्हय तुम्हाला?”