दवाखान्यातले पेढे

शीतलला दिवस राहिले म्हणून टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात आज तिच्या सासूने पेढे वाटले. इतके दिवस शीतल माझ्याच शेजारी बसायची. बीजांडं वाढली की नाही, नवऱ्याच्या तपासणीत काय निघालं, सख्ख्या बहिणीला न सांगितलेलं आम्ही एकमेकींना सांगितलं. पोटात स्वतःच इंजेक्शन टोचायला मला तिनेच शिकवलं.

आज ती हसत माझ्याकडे वळली, तशी सासूने तिचं कोपर धरलं.

"तिकडे नको गं. दाराजवळ बस."

आणि सुनेची ओढणी तिच्या पोटावर नीट पसरली.

इथे रक्तातलं सगळं मोजतात, सोनोग्राफीत आतलं सगळं दिसतं. पण आमची नजर लागते, हे कुठल्या यंत्रात दिसलं कुणास ठाऊक. एक रिपोर्ट आला आणि ती भरल्या ओटीची झाली; उरलेल्या आम्ही साऱ्या अवदसा. भिंतीवरच्या फोटोंतली बाळं तेवढी न भिता आमच्याकडे बघत होती.

माझ्यासोबत आलेल्या माझ्या सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला.

"मनाला लावून घेऊ नकोस," माझा हात थोपटत त्या मायेने म्हणाल्या, "तुझं झालं ना, की मीही तुला ह्या बायकांत बसू द्यायची नाही."