मागुराचा काटा

मंडळी, उजवा अंगठा सुजला आहे, म्हणून डाव्या हातानं टाइप करून राह्यली. चुका समजून घ्या.

आज दुपारी शेजारच्या रहीमचाचांनी धरणातून धरलेला मागूर आणून दिला. जिवंतच होता. आमच्या घरी मासा साफ करायचं काम माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं. पण तीन महिन्यांआधी त्यांले लकवा मारला अन् वाचा गेली. म्हणून आज पहिल्यांदा मीच विळी घेऊन अंगणात बसली.

मागूर हातातून लई निसटते, म्हणून त्याले चुलीची राख चोळू लागली. तेवढ्यात मामाजी बाजेवरून "अं, अं" करू लागले. मी उठून पाणी पाजलं. दोन घोट घेतले अन् पुन्हा तेच. मी वैतागली.

"मामाजी, आत्ताच तं पाणी देलं नं. जरा चूप राहा, मले काम करू द्या."

मी माशाची मान धरली अन् तो उसळला. गालामागचा काटा सरळ अंगठ्यात घुसला.

मग आठवलं. मामाजी पहिले पक्कडीनं दोन्ही बाजूचे काटे मोडत, मगच राख लावत. तेच सांगून राह्यले होते ते. मी वर पाहिलं. ते माझ्या अंगठ्याकडेच पाहून राह्यले होते.

तुमच्या घरी असं कोणी असलं तं त्याचं बोलणं तुमाले कसं समजते, सांगा मले. तीन महिन्यांत मामाजींनी काय काय सांगितलं असन, अन् मी दरवेळेस तोंडाले पाण्याचा गिलास लावून मोकळी झाली.