एतेल्काबाईंचा शॉर्टहँडचा तास

सेगेद शहरातल्या आमच्या कॉलेजात एतेल्काबाई शॉर्टहँड शिकवायच्या. पुस्तकातल्या खुणा नुसत्या गिरवत बसलेलं त्यांना खपायचं नाही. "हात कानामागं धावायला शिकला पाहिजे," म्हणायच्या आणि आम्हाला वह्या घेऊन बाजारात उभं करायच्या. मिरच्या विकणाऱ्या बायकांची भांडणं शब्दन् शब्द टिपायची, मग वर्गात एकेकानं मोठ्यानं वाचून दाखवायची. शिव्यांसकट. आम्ही खिदळायचो, बाईही हसायच्या.

दुसऱ्या वर्षी बाई नुसत्या मान डोलवू लागल्या. वाचताना कुणी चुकलं तरी "छान!"

"म्हातारीला ऐकू येत नाही. लावता पैज?" वर्गातला बोल्दिझार म्हणाला.

त्यानं मला भरीला घातलं. माझी पाळी आली तेव्हा तोंडासमोर वही धरून, आधीच लिहून ठेवलेलं मी वाचलं : "आमच्या बाई ठार बहिऱ्या. त्यांच्यापेक्षा फळ्याला बरं ऐकू येतं."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

"छान," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले. जवळ येऊन माझी वही घेतली, वाचली आणि लाल पेन्सिलीनं एक खूण दुरुस्त केली.

"'बहिऱ्या'तली ही रेघ आखूड काढ. लांबली की दुसराच शब्द होतो."

एवढंच. सोमवारी त्या आल्या नाहीत. राजीनामा दिला होता.

तीनदा मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतले. चौथ्यांदा खिडकीपाशी उभी राहून हात हलवला, तेव्हा त्यांनी दार उघडलं. मी रडत काहीबाही बोलत सुटले.

"अगं, ओठ असे थरथरले की मला काही कळत नाही," असं म्हणत त्यांनी कागद पुढं केला. "लिही."

मी शॉर्टहँडमध्ये भराभर लिहिलं. लाज, पश्चात्ताप, सगळं.

"हात चांगला चालतोय," वाचून त्या म्हणाल्या. "पण माफ केलं, असं अजून नाही म्हणवत गं. बस, चहा टाकते."

पुढं मी दर गुरुवारी जाऊ लागले. जिन्यात भेटणाऱ्या शेजारणींच्या कुचाळक्या मी लिहायची, त्या वाचून खुदकन हसायच्या. माफीचा विषय पुन्हा निघाला नाही. दोन हिवाळे असे गेले. मग त्यांची मुलगी त्यांना देब्रेत्सेनला घेऊन गेली.

त्या वारल्याचं तिचं पत्र मला मिळालं, तेव्हा दफन होऊन आठ दिवस झाले होते.