निजामी बराक

एकोणीसशे सत्तावन्नच्या उन्हाळ्यात आमची बटालियन औरंगाबादच्या छावणीत होती. मी चार्ली कंपनीत लान्स नायक, वायरलेस ऑपरेटर. जवानाला घराजवळ पोस्टिंग मिळणं म्हणजे लॉटरीच. माझं गाव फुलंब्रीच्या वाटेवर. रविवारी आऊटपास मिळाला की सायकल हाणायची, आईच्या हातचं जेवायचं आणि रोल कॉलच्या आत परत यायचं.

बाकी दिनक्रम कुठल्याही छावणीतला. पहाटे पीटी, मग परेड, शस्त्रांची सफाई, दुपारी सिग्नलचा क्लास, संध्याकाळी हॉकी नाहीतर बॉक्सिंग. मार्चवर असताना कंपनीत एक रीत होती. कॅनव्हासची पाण्याची पिशवी, तिला आम्ही छागल म्हणायचो, पुढून मागं फिरायची. तोंड न लावता वरून धार सोडायची, दोन घोट प्यायचे आणि मागच्याच्या हातात द्यायची. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे छागलीला माहीत नव्हतं. फौजेची मला आवडलेली पहिली गोष्ट तीच.

बटालियनमध्ये बहुतेक जण सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे. पोलिस ॲक्शननंतर आम्हां मराठवाड्याच्या पोरांची भरती सुरू झाली. चार्ली कंपनीत आम्ही मोजकेच होतो. आम्हाला सगळे 'निजामी' म्हणायचे. "काय रं निजामी, हुजूर बरं हायत का?" आम्ही हसायचो. तिरंगा लावला म्हणून माझे वडील निजामाच्या जेलात जाऊन आले होते. मी एकदा ते सांगितलं, तर लंगरातला आचारी म्हणाला, "म्हंजी मीठ त्याचंच खाल्लं की." सगळे हसले, मीही हसलो. शिपाई शेख युसूफ तेवढा हसला नाही. तो खुलताबादचा. आम्हाला निजामी म्हणताना थट्टा असायची, त्याला म्हणताना ती जरा कमी असायची.

माझा जोडीदार लान्स नायक शंकर मोहिते, सातारा जिल्ह्यातला. आमच्या खाटा शेजारी, ट्रंकेला कुलूप एक. त्याच्या घरून कंदी पेढे यायचे, माझ्या घरून आमटीसाठी येसराचं पीठ. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यानं कंबर बांधून पंगती वाढल्या होत्या. माझी आई त्याला बघितलं की म्हणायची, "शंकर, लई वाळला रं तू. तुमच्या फौजेत पोटाला देत्यात का नाय?" तो तिच्या पाया पडायचा आणि आणखी एक भाकरी मागून घ्यायचा.

मे महिन्याच्या शेवटी बटालियनची बॉक्सिंग टीम मद्रासहून परतली. ती पोरं खोकत होती, दोघांना तापही होता. प्रवासाचा खोकला म्हणून एमआय रूममधून, म्हणजे छावणीच्या दवाखान्यातून, त्यांना मिठाच्या गुळण्या मिळाल्या. टीम कप जिंकून आली होती, त्यामुळं बराकी-बराकीतून त्यांच्या पाठी थोपटणं चाललं होतं. त्याच आठवड्यात आम्ही मराठवाड्याचे काही जण रजेवरून हजर झालो. चार-सहा दिवसांत युसूफला ताप भरला. मग शिपाई किसनला. हा पैठणच्या विणकराचा पोरगा, हातमागावर बसून बसून मान वाकडी झालेला, पण निशाणा पक्का. डोळे लाल, अंग ठणकतंय, ताप एकशे तीन.

लंगराच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "निजामी ताप हाय ह्यो." जेवण उरकेपर्यंत तो शब्द चारही कंपन्यांत पोचला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कप जिंकणाऱ्या पोरांकडं कोणी बोट दाखवलं नाही.

तरी मला वाटत होतं की आमचे डॉक्टर कॅप्टन साहेब हे थांबवतील. शिकलेला माणूस. त्यांनी सगळ्यांना फॉल-इन करून तापाबद्दल लेक्चर दिलं. हात धुवा, रुमाल धरा, वगैरे. मग म्हणाले, "इंग्रजी पेपरवाले याला एशियन फ्लू म्हणतायत. गोऱ्यांना प्रत्येक घाण आपल्याच घरातून आलेली दिसते." साहेबांचा चेहरा लाल झाला होता. मला बरं वाटलं. पुढचंच वाक्य असं होतं, "निजामी जवानांपैकी ज्यांना ताप असेल त्यांनी खेचरांच्या तबेल्यामागच्या बराकीत जायचं. बाकीच्या निजामींनी पाणी आणि भांडी वेगळी ठेवायची." दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. डिसमिसचा हुकूम झाला आणि सगळे पांगले.

त्या बराकीचं नाव निजामी बराक पडलं. तिथं नर्सिंग ऑर्डर्ली दाराशी पातेलं ठेवून ओरडायचा आणि निघून जायचा. किसनला उठवत नव्हतं, तर युसूफ स्वतःच्या तापात त्याला पेज पाजायचा. मी खिडकीतून विचारलं, "काय लागतंय का?" युसूफ म्हणाला, "माणूस लागतंय. कुणी येत नाय." चौथ्या दिवशी तोच गेला. खुलताबादहून त्याचे वडील आले. त्यांना अंगणातच मयत ताब्यात दिली.

त्या संध्याकाळी परेडवरून आलो तर शंकरची खाट भिंतीच्या पलीकडच्या टोकाला गेली होती. ट्रंकेतलं त्याचं सामान काढलेलं होतं.

"शंकर, मला ताप नाही."

"म्हाईत हाय. पर सगळी बोलत्यात. उगंच कशाला?"

एवढंच बोलणं झालं. निजामी ताप म्हणणाऱ्या सगळ्या बटालियनचा मला तितका राग आला नाही जितका त्या सरकवलेल्या खाटेचा आला. आपलं माणूस फिरलं की काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वेरूळच्या डोंगरात कंपनीची एक्सरसाइज होती. खरं तर मला मागं ठेवायचं होतं, पण दुसरा ऑपरेटर नव्हता आणि घाटातल्या वाटा मला पाठ होत्या. माझा सेट त्यांना चालत होता, माझा पाण्याचा मग चालत नव्हता. ऊन मी म्हणत होतं. छागल पुढून आली, माझ्या डोक्यावरून मागच्याकडं गेली. माझी बाटली होती.

दुपारी खुलताबादच्या अलीकडं चढावर शंकर गुडघ्यावर बसला. मी पळत गेलो. कोणी जवळ गेलं नव्हतं. त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसला. डोळे लाल, ओठ फुटलेले.

"कधीपासून?"

"परवाधरनं."

"रिपोर्ट का नाही केलास?"

"त्या बराकीत टाकत्याली." त्यानं माझी बाही धरली. "ऊन लागलं म्हन. बाकी काय सांगू नगंस."

मी सुभेदार साळुंखे साहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी सेट लावला.

"चार्ली बोलतोय. एक जवान आजारी. तीव्र ताप. गाडी पाठवा. ओव्हर."

"थांबा. डॉक्टर साहेबांना विचारतो." मग पुन्हा आवाज आला. "जवान कुठला? ओव्हर."

"सातारा जिल्हा. ओव्हर."

"मग ऊन लागलं असेल. सावलीत ठेवा. मीठ-पाणी द्या. आऊट."

ताप किती आहे, किती दिवसांचा आहे, खोकला आहे का, काही विचारलं नाही. जिल्हा विचारला.

आम्ही त्याला एका वडाखाली ठेवलं. मीठ-पाणी पाजलं, ते उलटून पडलं. तासाभरात तो बरळायला लागला. आईला हाक मारत होता, त्याच्या का माझ्या, ते समजेना. सुभेदार साहेब दूर उभे राहून घड्याळ बघत होते. मी त्यांना न विचारता सेट लावला.

"चार्ली बोलतोय. आणखी एक जवान. ताप. ओव्हर."

"कुठला? ओव्हर."

किसनचं गाव तोंडात आलं. "पैठणचा. ओव्हर."

"कोणीही हात लावू नका. गाडी निघाली. आऊट."

गाडी खरोखरच निघाली होती. फडकं बांधलेले दोन ऑर्डर्ली स्ट्रेचर घेऊन उतरले. एकानं विचारलं, "पैठणचा कोणता?" सुभेदार साहेबांनी माझ्याकडं बघितलं. ते स्वतः कऱ्हाडचे, शंकरच्या मामाच्या गावचे. त्यांना सगळं समजलं होतं. शंकरकडं बोट करून म्हणाले, "हाच."

मी त्याला उचललेलं होतं, म्हणून मलाही त्याच गाडीत घातलं. घाट उतरताना त्याला जरा शुद्ध आली. म्हणाला, "ऐकलं म्या. मला पैठनचा केलास."

"गाडी येत नव्हती, शंकर."

"दगा केलास."

खाट त्यानं सरकवली होती, छागल माझ्या डोक्यावरून त्याच्या देखत गेली होती, आणि दगा मी केला होता. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा पैठणच सांगीन.

निजामी बराकीत किसनची खाट रिकामी झाली होती. तो सकाळीच वारला होता. शंकरला तीच मिळाली. डॉक्टर साहेब संध्याकाळी आले, शंकरला बघून थबकले, ओळखलं. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. न्यूमोनिया झाला आहे, म्हणाले. उशीर झाला, असंही म्हणाले. कोणामुळं झाला ते बोलले नाहीत. मग इंजेक्शनं आली, ऑर्डर्ली खाटेजवळ येऊ लागला. शंकरच्या निमित्तानं त्या बराकीत माणूस यायला लागला, हे युसूफच्या वडिलांना कोणी सांगितलं नसेल तर बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला चमच्यानं पाणी पाजत होतो. आधी त्यानं तोंड भिंतीकडं केलं. मग वळला आणि प्यायला. म्हणाला, "घरी सांगू नगंस हितं मेलो म्हनून. निजामी तापानं मेला म्हनत्याल." चार वाजता तो गेला.

साताऱ्याहून त्याचे थोरले भाऊ आले. मी क्वार्टर गार्डच्या चौकीबाहेर शंकरचं सामान घेऊन उभा होतो. त्यांनी विचारलं, "हापिसात म्हनलं, निजामी ताप हुता. हिकडच्या पोरांचा लागला. खरं हाय का?"

"ताप होता, दादा. नुसता ताप."

"तुमी कुठलं?"

"इथलाच. फुलंब्रीकडचा."

त्यांनी हात पुढं केला नाही. मी सामान खाली ठेवलं, दोन पावलं मागं सरलो, तेव्हा त्यांनी ते उचललं. मी आणलेला पाण्याचा तांब्या कट्ट्यावर तसाच राहिला. ते जाईपर्यंत मी सावधानमध्ये उभा होतो. माझी खाट गाठल्यावर मात्र रडलो.

पुढच्या महिन्याभरात अर्धी बटालियन खाटेला खिळली. साताऱ्याचे, कोल्हापूरचे, दोन साहेब लोकही. निजामी बराक पुरेना. ताप बॉक्सिंग टीमबरोबर मद्रासहून आला असावा, असं डॉक्टर साहेब ऑफिसर्स मेसमध्ये म्हणाल्याचं वेटरनं आम्हाला सांगितलं. फॉल-इन करून ते कोणी सांगितलं नाही. आणि मद्रासचं नाव मिळालं असतं तरी काय झालं असतं? बाजूच्या रेजिमेंटमधल्या मद्रासी पोरांच्या डोक्यावरून छागल गेली असती. ताप ओसरला, पण आम्हाला 'ताप आणणारे' म्हणणं मात्र सुरूच राहिलं. मी हवालदार होऊन पेन्शनीत आलो तोपर्यंत ते ऐकलं. अकरा-बारा वर्षांनी पेपरात हाँगकाँगच्या नावाचा ताप आला, तेव्हा तिकडच्या पोरांना कुठल्या बराकीत ठेवलं असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

लढाईत पडलेल्यांची नावं रेजिमेंटच्या दगडावर आहेत. तापानं गेलेल्यांची नाहीत. नियम आहे, तक्रार नाही. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत मला बोलावतात. पोरं विचारतात, तुमचे कोण कोण शहीद झाले? मी दोन युद्धांतली नावं सांगतो आणि शेवटी ही तीन. मास्तर दरवर्षी विचारतात, हे कुठल्या आघाडीवर गेले? मी म्हणतो, इथंच, छावणीत. आणि पुन्हा सावकाश सांगतो, म्हणजे पोरांना नीट ऐकू जावं.

शिपाई शेख युसूफ, खुलताबाद. शिपाई किसन, पैठण. लान्स नायक शंकर मोहिते, जिल्हा सातारा.