इथीच तं आहे!

सांगा बरं, डोकं माझं फिरलंय की आमच्या ह्यांचं?

पुढच्या महिन्यात चार दिवसांसाठी आम्ही दोघं इटलीला चाललोय, दक्षिणेकडच्या नेपल्सला. पोरगी तिथं नोकरी करते, दोन वर्षांनी भेटणार. आज सकाळी ह्यांनी फिरायच्या बेताचा कागद माझ्यासमोर ठेवला. पहिल्याच दिवशी सकाळी पॉम्पेचे अवशेष, दुपारी अमाल्फीचा समुद्रकिनारा, संध्याकाळी मातेराची गुहाघरं आणि जेवायला परत नेपल्स!

"अहो, एकट्या मातेरालेच चार तास लागते जायले."

"इथीच तं आहे!" मोबाईलच्या नकाशावर बोट टेकवून हे म्हणाले. "दोन बोटं पण नाई."

हे शब्द ऐकले की मला धडकी भरते. लग्नानंतर असंच "इथीच तं आहे" म्हणत ह्यांनी मला चंद्रपूरहून सिरोंचाला नेलं होतं. दिवसभर बसमध्ये आदळून कंबरेचा भुगा, आणि नद्यांचा संगम पाहिला पाच मिनिटं.

तासभर भांडलो. शेवटी वैतागून कागदाचा फोटो पोरीला पाठवला, म्हटलं तूच समजाव बापाला.

तिचा लगेच फोन आला, मी स्पीकरवर घेतला. वाटलं, चिडेल. ती हळूच म्हणाली, "बाबा, मस्त आहे सगळं. फक्त माझ्या घरी कोणत्या दिवशी येता?"

ह्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. माझीही मान खाली गेली, कारण तासभर मीसुद्धा मातेराच्या अंतरावरच भांडत होते.

आता नवा कागद झालाय. एक दिवस पॉम्पे, तीन दिवस पोरीजवळ.

आत्ता पाहिलं तर खाली पेन्सिलनं बारीक लिहिलंय, "मातेरा?"

काय करू हो या माणसाचं?